एकोणचाळीस सेंटिमीटर ओढा

१

पाणी कुणाच्याही मालकीचं नसतं, ते निसर्गानं सर्वांना सारखं दिलेलं देणं आहे, असं पाणीवाटप कार्यालयाच्या दर्शनी भिंतीवर संगमरवरात कोरलेलं आहे. त्याच्याखाली पाण्याच्या हक्काचे अर्ज कुठल्या खिडकीवर मिळतील ते लिहिलं आहे. त्याच्याही खाली पिण्याच्या पाण्याचा पिंप आहे. त्याचा पेला साखळीनं बांधलेला आहे, कारण सर्वांना सारखं दिलेलं देणं पिताना लोक पेला घेऊन जातात.

या कार्यालयातून तीन नोंदवह्या नाहीशा झाल्या होत्या. डोंगराखालच्या ओढ्यात रोज किती पाणी होतं, त्याच्या तीन वर्षांच्या नोंदी त्यांत होत्या. त्याआधी तो ओढाच नाहीसा झाला होता, पण ओढा गेला तेव्हा कुणी तक्रार लिहून घेतली नाही. ओढा ही काही कार्यालयाची मालमत्ता नव्हती. नोंदवह्या होत्या, त्यामुळे धावपळ सुरू झाली.

फाइलवर विषय लिहिला होता: 'पाणी गायब असल्याबाबतच्या नोंदी गायब असल्याबाबत.' आवक विभागातल्या माणसानं पहिले दोन शब्द वाचले आणि फाइल नगरपालिकेच्या गळती पथकाकडे पाठवून दिली. गळती पथक म्हणजे एक बाई, एक पितळी कांडी आणि एक सायकल. बाई बावीस वर्षं रस्त्यावर ती कांडी टेकवून, तिला कान लावून, खाली कुठली पाइप फुटली आहे ते सांगत आली होती. सगळं गाव तिला गळतीबाई म्हणायचं, आणि सासरचीसुद्धा.

सोमवारी सकाळी ती सुनावणी अधिकाऱ्यांसमोर बसली होती. साहेबांची खोली नुकतीच वरच्या मजल्यावर हलवली होती, कारण खालच्या खोलीचं छत गळत होतं.

"छताचं नंतर बघू," साहेब म्हणाले. "शुक्रवारी सुनावणी आहे. त्याआधी नोंदवह्यांचं काय झालं त्याचा अहवाल हवा. दोन ओळी पुरेत. सापडल्या नाहीत, एवढं लिहिलंत तरी चालेल."

"शोधायच्या आधीच?"

साहेब हसले. निवृत्तीला सहा महिने राहिलेला माणूस हसतो, तसं. मग त्यांनी फोन उचलला. "हां, खाण कंपनीचे पाणीतज्ज्ञ ना? या, बाई आल्यात. वरच्या मजल्यावर, एकोणचाळीस नंबर."

पाणीतज्ज्ञ वीस मिनिटांनी उगवले. तरुण, हसरे, डोक्यावर खाणीतलं पिवळं हेल्मेट. ते घरातही काढत नाहीत अशी वदंता होती, म्हणून त्यांचं नाव हेल्मेटसाहेब. हेल्मेटवर कोळिष्टक लोंबत होतं.

"सॉरी सर. तुमच्या खोलीत नुसती अडगळ आहे. मी मोडक्या खुर्च्या सरकवून आतपर्यंत बघून आलो."

"ती अडगळीचीच खोली आहे," साहेब म्हणाले.

"असं होय," हेल्मेटसाहेब म्हणाले, आणि कुठं चुकलं याचा जराही विचार न करता बसले.

प्रकरण थोडक्यात असं. ओढ्याकाठी एक धुलाईखाना होता. इस्पितळाच्या चादरी तिथं धुतल्या जात. ओढ्यावरचा सर्वांत जुना हक्क त्या धुलाईखान्याचा, म्हणजे आता तो चालवणाऱ्या मावशींचा. कायदा असा, की ज्यानं आधी पाणी घेतलं त्याचा हक्क आधी. पण सलग तीन वर्षं घेतलं नाही, तर हक्क रद्द. पाणी नव्हतं म्हणून घेतलं नाही, असं सिद्ध झालं तर हक्क वाचतो. पाणी असून घेतलं नाही, तर जातो. मावशींनी तीन वर्षं ओढ्यातून थेंब घेतला नव्हता. मावशी म्हणत होत्या, थेंब नव्हता. कंपनी म्हणत होती, होता, आणि हा हक्क रद्द झाल्यावर तो आम्हाला द्यावा.

"मूळ वह्या नाहीत, पण आमच्याकडे त्यांची संगणकीय प्रत आहे," हेल्मेटसाहेब म्हणाले. "कार्यालयाला मदत म्हणून आम्हीच करून दिली. ओढा चांगला छत्तीस ते चाळीस सेंटिमीटर वाहतोय."

"वह्या गेल्यामुळे फायदा कुणाचा, हे बघा बाई," साहेब म्हणाले. "ओढा कोरडा होता असं ज्यांना म्हणायचंय, त्यांना वह्या नकोच असणार."

थोडक्यात, संशयितांच्या यादीत पहिलं नाव मावशींचं होतं.

२

"दुसरं माझं," कारकून म्हणाला. "वह्या मी कंपनीला दिल्या. पावती आहे. साहेबांनी तोंडी हुकूम दिला, त्याची पावती नाही. परत आल्याची नोंद नाही. शुक्रवारी माझी चौकशी लागणार, आणि घरी बायकोनं आत्ताच लावली आहे."

कारकून खालच्या मजल्यावर, गळणाऱ्या छताखाली, टेबलावर बादली ठेवून बसला होता. बादलीतलं पाणी तो दर तासाला ओतून यायचा.

"कंपनी म्हणते, परत केल्या."

"मी चार तारखेला रजेवर होतो. दाढ काढायला. त्या दिवशी केल्या असतील तर मला ठाऊक नाही. मी पाच तारखेला आलो, तर रद्दीवाला अडगळीची खोली रिकामी करून चालला होता. मोडक्या खुर्च्या सोडून सगळं नेलं. महिन्याच्या पाच तारखेला नेतोच."

"अडगळीची खोली कितवी?"

"फोर्टी नाईन."

"आणि साहेबांची?"

"थर्टी नाईन." तो जरा ओशाळला. "मराठीत सांगता येतं हो. पण एकोण म्हटलं की निम्मी माणसं भलत्याच दारात जाऊन उभी राहतात. म्हणून मी इंग्रजीत सांगतो. साहेबांना मात्र आवडत नाही. ते म्हणतात, मातृभाषेतले आकडे मेले तर आपण मेलो."

"वह्या कुठंकुठं शोधल्यास?"

"सगळीकडे. साहेबांच्या कपाटात, पंपघरात, सायकलस्टँडवर. बाई, माझं ऐका. वह्या अडगळीत ठेवल्या गेल्या, आणि आता त्यांची वाण्याकडे पुडी झालीय."

गळतीबाईनं कांडी उचलली. "ज्यानं त्या वह्या लिहिल्या तो माणूस कुठं भेटेल?"

"पट्टीकाका? ओढ्यावर. रोज पाणी मोजतात."

"पण ओढा कोरडा आहे."

"हो," कारकून म्हणाला. "तरीही रोज मोजतात."

३

ओढ्याच्या पात्रात सिमेंटचा बुटका बांध होता आणि त्याला सेंटिमीटरच्या खुणांची पोलादी पट्टी उभी ठोकलेली होती. पट्टीसमोर एक म्हातारा चष्मा पुसत उभा होता. पट्टीच्या तळाशी मुंग्यांचं वारूळ होतं.

"सकाळी आठला वाचन असतं," पट्टीकाका म्हणाले. "पाणी असो नसो. पगार मोजण्याचा आहे, पाण्याचा नाही."

"काय लिहिता?"

"काय लिहिणार? कोरडा. तीन वर्षं उलटली, 'कोरडा' लिहितोय. हात असा बसलाय की परवा नातीला पत्र लिहिताना सुरुवात 'कोरडा' अशी झाली."

"मग कंपनीच्या प्रतीत अडतीस, चाळीस कुठून आलं?"

"मला विचारता? मी साहेबांना तेच विचारलं. ते म्हणाले, काका, तुमचं म्हणणं तोंडी आहे. मी म्हटलं, लेखी तुम्ही हरवलंत. ते म्हणाले, म्हणूनच आता फक्त तोंडी उरलं, आणि तोंडी पुराव्याला किंमत नसते." काकांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "एकतीस वर्षं मी या पट्टीशी खोटं बोललो नाही. पाय मोडला होता तेव्हा बायकोला पाठवून आकडा मागवला. आणि आता माझ्या नावावर अडतीस, एक कमी पन्नास, चाळीस. माझ्या नावावर पूर आणतायत."

"एक कमी पन्नास? तुम्ही असंच म्हणता?"

"माझ्या मास्तरांची शिकवण. एक कमी तीस, एक कमी चाळीस. ऐकणाऱ्याचा घोटाळा होत नाही. हे साहेब उमेदवार म्हणून माझ्या हाताखाली पट्टी वाचायचे, त्यांनाही शिकवत होतो. त्यांनी ऐकलं नाही. म्हणायचे, भाषेत शब्द आहे तर आडवळणानं का जायचं."

गळतीबाई बांधावर गुडघे टेकून बसली. पात्रातल्या खडकाला लांब भेग गेली होती, हाताची बोटं जातील एवढी. तिनं त्या भेगेशेजारी कांडी टेकवली आणि कान लावला. बराच वेळ ती हलली नाही.

"काय?" काका म्हणाले.

"वर कुठं झरा आहे?"

"आहे ना. वर अर्ध्या मैलावर दोन बोटं पाणी वाहतंय. इथं येईपर्यंत गडप होतं. खाणीचा तिसरा थर खोदला त्या वर्षापासून."

"गडप नाही होत. खाली धो धो वाहतंय." तिनं कांडी त्यांच्या हातात दिली. "बावीस वर्षांत एवढी मोठी गळती ऐकली नाही. एखाद्याच्या घरचा नळ असा वाहिला असता, तर आम्ही जोडणी तोडून टाकतो."

काकांनी कान लावला. एकतीस वर्षं ज्याला वरून पाहिलं त्याचा आवाज त्यांना खालून आला. त्यांनी कांडी परत दिली आणि खिशातून चोपडं काढून त्या दिवशीची नोंद लिहिली. काय लिहिलं ते दाखवलं नाही.

"कंपनीत जाताय?" ते म्हणाले. "तर पुढच्या दारानं जाऊ नका. डोंगराच्या मागून जा."

४

डोंगराच्या मागच्या उतारावर माणूस उभा राहील एवढी जाड पाइप बाहेर आली होती, आणि तिच्यातून स्वच्छ, निळसर, थंड पाणी पलीकडच्या दरीत कोसळत होतं. तिथं कुणाचा हक्क नव्हता, कुणाची पट्टी नव्हती, चादरही नव्हती. खाली दलदल झाली होती आणि तिच्या कडेला कंपनीनं 'जलसंवर्धन प्रकल्प' असा फलक लावला होता. फलकाचे दोन्ही पाय चिखलात रुतले होते.

"खाणीत साचलं तर कामगार बुडतील, म्हणून उपसावं लागतं," हेल्मेटसाहेबांनी सांगितलं. त्यांची खोली गार होती. टेबलावर पाण्याच्या चार बाटल्या होत्या, चारही अर्धवट.

"ते ओढ्याचं पाणी आहे."

"आम्ही ओढ्यातून थेंबही घेत नाही, बाई. पाणीच आमच्याकडे येतं."

"मग मावशींचा हक्क कशाला हवा?"

"म्हणजे जे येतं ते नियमानं येईल." हे त्यांनी अगदी निरागसपणे सांगितलं. शेजाऱ्याची गाय आपल्या गोठ्यात बांधून घ्यायची, आणि वर दावंही त्याच्याकडूनच मागायचं, यातला प्रकार होता.

"ही प्रत कुणी केली?"

"मी स्वतः. रात्रंदिवस बसून." ते अभिमानानं म्हणाले. "वही समोर उघडी, एकेक आकडा बघून टाइप केला. शेजारी कुणी नाही. कुणाला विचारलं नाही. शपथेवर सांगतो."

"सांगा. कागद आहे का?"

त्यांनी खुशीनं लिहून सही केली. मग एक जाडजूड अहवाल पुढं सरकवला. "आणि हे प्रकरण सात नक्की बघा. माझा शोध आहे. या ओढ्याला आकस्मिक उसळ्या येतात. आज अडतीस सेंटिमीटर, उद्या एकदम फोर्टी नाईन, परवा परत चाळीस. पाऊस नाही, काही नाही. तीन वर्षांत सत्तेचाळीस वेळा. परदेशातल्या एका परिषदेत वाचणार आहे."

रंगीत आलेखात ओढा उचकी लागल्यासारखा दिसत होता.

"वह्या परत कुठं ठेवल्या?"

"कार्यालयात. सांगितलेल्या खोलीत."

"कुठल्या?"

"मला खोल्यांचे नंबर लक्षात राहत नाहीत. परवा बघितलंत ना."

"कुणी सांगितलं?"

हेल्मेटसाहेबांनी हेल्मेटचा पट्टा सैल केला, परत आवळला. "कार्यालयानं," ते म्हणाले.

५

धुलाईखान्यातली दगडी टाकी इतकी मोठी होती, की पूर्वी तिच्यात एकावेळी दोनशे चादरी भिजत. आता तिच्या तळाशी सहा पिंपं ठेवली होती. ती पिंपं मावशी आणि त्यांच्याकडच्या अकरा बायका दोन मैलांवरच्या विहिरीवरून हातगाडीनं भरून आणत. इस्पितळानं निम्मं काम आधीच दुसरीकडे दिलं होतं. शुक्रवारी हक्क गेला, तर उरलेलं निम्मंही जाणार होतं; ज्या धुलाईखान्याला पाण्याचा हक्क नाही, त्याला इस्पितळाचं काम देता येत नाही असा नियम होता. हातगाडीच्या हक्काबद्दल नियमात काही नव्हतं.

"वह्या मी चोरल्या म्हणे," मावशी म्हणाल्या. त्या साठीच्या, ताठ, कोपरापर्यंत ओल्या. "मला चोरायचंच असतं तर ती पाइप नसती का चोरली."

गळतीबाई टाकीच्या कठड्यावर बसली आणि तिनं कंपनीची प्रत उघडली. डोळ्यांनी वाचून तिला काही कळत नसे, कानांची सवय. म्हणून ती मोठ्यानं वाचू लागली, आणि मावशी चादरींच्या घड्या घालता घालता ऐकू लागल्या.

"सदतीस. अडतीस. एकोणपन्नास. चाळीस. चाळीस. एकोणपन्नास. अडतीस. सदतीस..."

"थांबा," मावशी म्हणाल्या. "यात एकोणचाळीस कुठं आहे?"

गळतीबाईनं पान उलटलं. पुढचं. त्याच्या पुढचं. छत्तीस होते, सदतीस होते, अडतीस ढिगानं होते, चाळीस ढिगानं होते. तीन वर्षांत ओढा एकदाही एकोणचाळीसवर थांबला नव्हता. अडतीसवरून चाळीसवर जायचं, तर तो दरवेळी एकोणपन्नासला वळसा घालून जात होता.

मावशी खुर्चीवर टेकल्या आणि हसायला लागल्या. "ही माझी सूनबाई आहे."

"कोण?"

"माझी सून हो. इंग्रजी शाळेतली. गुणाची आहे, पण मी चादरी मोजून आकडा ओरडला, एकोणचाळीस, की ती लिहिते एकोणपन्नास. चाळीस ऐकलं की आधी चार लिहून मोकळी होते, मग एकोण म्हणजे नऊ. दोनदा इस्पितळानं माझ्यावर दहा चादरी लांबवल्याचा आळ घेतला. मी तिला बोलले, तर मुलगा माझ्याशी आठवडाभर बोलला नाही."

"मग आता काय करता?"

"आता ओरडत नाही. आकडा पाटीवर लिहून पाटी दाखवते. बघून लिहिताना कधी चुकत नाही ती. ऐकून लिहिताना चुकते."

गळतीबाईनं प्रत मिटली. टाकीच्या तळाशी पिंपातलं पाणी हललं आणि थांबलं.

"मावशी, पुन्हा सांगा."

"बघून लिहिलं की चुकत नाही. ऐकून लिहिलं की चुकते."

"त्यांनी मला लिहून दिलंय, वही समोर उघडी होती, शेजारी कुणी नव्हतं." ती उठली. "वही समोर नव्हतीच. शेजारी कुणीतरी बसून मनचे आकडे सांगत होतं. आणि ज्यानं आकडे सांगितले, त्यानंच खोलीही सांगितली असणार."

"मग?"

"मग वह्या रद्दीत गेलेल्या नाहीत," गळतीबाई म्हणाली आणि सायकलकडे धावली.

६

गुरुवारी सकाळी तिघं कार्यालयाच्या सर्वांत वरच्या मजल्यावर उभी होती: गळतीबाई, कारकून, आणि तीन जिने चढून धापा टाकणारे पट्टीकाका. समोरच्या दारावर नंबर होता ५९.

"इथं नसणार," कारकून म्हणाला. "इथं शोधण्यात अर्थच नाही."

"ही कसली खोली?"

"अभिलेख कक्ष. जुन्या नोंदी ठेवायची."

"इथं शोधलं नाहीस?"

"बाई, मी पंधरा वर्षं इथं आहे. या खोलीत आजवर कुणी नोंद ठेवलेली नाही."

दाराला कुलूप नव्हतं. आत पोलादी मांडण्या रांगेनं रिकाम्या उभ्या होत्या, आणि मधल्या मांडणीवर, कंपनीच्या निळ्या फितीनं नीट बांधून, तीन नोंदवह्या ठेवलेल्या होत्या. कार्यालयाच्या इतिहासात प्रथमच कागद योग्य जागी गेले होते, आणि तेही चुकून.

काकांनी फीत सोडली. पहिल्या पानावर, ओढा आटला त्या आठवड्यात, एकोणतीस, पंचवीस, सतरा, नऊ, दोन. मग कोरडा. कोरडा. पानामागून पान कोरडा, त्याच एका बारीक, तिरक्या अक्षरात. मध्येच एका दिवशी लिहिलं होतं: 'कोरडा. एक बेडूक होता, तोही आज नाही.'

"हे लिहायचं नसतं," काका म्हणाले. "वाचन सोडून काही लिहायचं नसतं. त्या दिवशी राहवलं नाही."

कारकून मांडणीला धरून उभा होता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि या इमारतीत ते छतातून आलेलं नसलेलं पहिलंच असावं. "आत्ताच्या आत्ता साहेबांकडे नेऊ."

"नको," गळतीबाई म्हणाली. "उद्या सगळ्यांसमोर. आणि तू एकच काम करायचंस. कुणी आकडा बोललं की तो अक्षरी लिहायचा, आणि शेजारी अंकीही."

७

सुनावणीच्या दालनात शंभर माणसं होती. मावशी पहिल्या रांगेत, शेजारी सूनबाई, मागं अकरा बायका. कंपनीचे तीन वकील होते आणि त्यांच्यामध्ये हेल्मेटसाहेब.

"अहवाल," साहेब म्हणाले. "दोन ओळीत."

"एका ओळीत," गळतीबाई म्हणाली. "वह्या सापडल्या." आणि तिनं त्या टेबलावर ठेवल्या.

वकिलांनी एकमेकांकडे पाहिलं. साहेबांनी वह्यांकडे पाहिलं, मग कारकुनाकडे, मग छताकडे. "कुठं?" त्यांचा आवाज कोरडा पडला होता.

गळतीबाई त्यांच्याकडे न बघता हेल्मेटसाहेबांकडे वळली. "कंपनीनं वह्या परत केल्याची कार्यालयात नोंद नाही. पण केल्या होत्या. तुम्ही स्वतः ठेवल्यात, खरं ना? खोली नंबर एकोणसाठमध्ये."

हेल्मेटसाहेब स्वच्छ मनाचे गृहस्थ होते. त्यांच्या हातून खोटं खूप झालं होतं, पण आपल्या अंगावर चुकीचा आळ यावा हे त्यांना सहन होईना.

"नाही, नाही. सिक्स्टी नाईन नाही," ते उठून म्हणाले. "तेवढ्या खोल्याच नाहीत इथं. मी फिफ्टी नाईनमध्ये ठेवल्या. बरोबर सांगितलेल्या खोलीत. सरांनी मला फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, चार तारखेला, की आजच ठेवा, एकोणपन्नासमध्ये."

कारकून लिहीत होता: एकोणपन्नास, आणि शेजारी ४९. लिहून झाल्यावर त्यानं मान वर केली.

"एकोणपन्नास म्हणजे फोर्टी नाईन," तो म्हणाला. "अडगळीची खोली. पाच तारखेला रद्दीत जाते."

हेल्मेटसाहेबांनी बोटांवर काहीतरी मोजलं. दोनदा मोजलं. मग त्यांनी, लोक म्हणतात त्याप्रमाणे आयुष्यात प्रथमच, हेल्मेट काढलं. "म्हणजे थर्टी नाईन म्हणजे..." ते म्हणाले आणि हळूच खाली बसले. प्रकरण सात त्यांच्या डोळ्यांसमोर कोसळत असावं.

"एकोणचाळीस," गळतीबाई म्हणाली. "सत्तेचाळीस वेळा कुणीतरी तुम्हाला एकोणचाळीस सांगितलं आणि तुम्ही फोर्टी नाईन टाइप केलंत. वहीत बघून टाइप करणारा माणूस असं करत नाही. ऐकणारा करतो. पट्टीकाका असते तर एक कमी चाळीस म्हणाले असते. कारकून थर्टी नाईन म्हणाला असता. सांगणाऱ्याला पट्टी कशी वाचतात ते माहीत होतं, शोभतील असे आकडे माहीत होते, रद्दीचा दिवस माहीत होता, आणि मातृभाषेतल्या आकड्यांवर त्याचं फार प्रेम होतं."

"यांचं कंपनीत सल्लागार म्हणून ठरलंय," हेल्मेटसाहेब स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "निवृत्तीनंतर. मला वाटलं, सगळ्यांना माहीत आहे."

एका वकिलानं त्यांना बाहीला धरून मागं ओढायचा प्रयत्न केला. उशीर झाला होता.

मावशी उठल्या. त्यांनी आवाज चढवला नाही. "साहेब, तुम्ही उमेदवार होतात तेव्हा त्या बांधावर माझ्या आईच्या हातचं पाणी प्यायलायत. तिनं पेल्याला साखळी लावली नव्हती. अडतीस, चाळीस असं बसल्या जागी सांगताना, खाली हातगाडी ओढणाऱ्या अकरा जणी तुम्हाला आठवल्या नाहीत?"

साहेबांनी समोरची फाइल सरळ केली. ती आधीच सरळ होती. "हे प्रकरण माझ्यासमोर आता चालू शकत नाही," ते म्हणाले. कार्यपद्धतीच्या दृष्टीनं ते बरोबर होतं.

त्यांना त्याच दुपारी निलंबित केलं. कंपनीनं आपली प्रत 'तांत्रिक कारणास्तव' मागं घेतली. हेल्मेटसाहेबांची दुसऱ्या खाणीवर बदली झाली. तिथं ओढा नाही. कारकुनाची चौकशी रद्द झाल्याचं पत्र त्यानं स्वतःच टाइप केलं आणि स्वतःच आवक केलं. खाणीचे पंप सुरू राहिले, कारण ते बंद करण्याचा हुकूम सुनावणी पूर्ण झाल्यावरच निघू शकतो.

"म्हणजे हक्क आहे?" मावशींनी विचारलं. त्या आणि गळतीबाई कार्यालयाच्या पायऱ्यांवर उभ्या होत्या.

"रद्द झालेला नाही."

"मग आहे म्हणा की."

"आहे असं म्हणायला हुकूम लागतो. हुकूम काढायला सुनावणी अधिकारी लागतो."

"आणि तोवर चादरी कशात बुडवू? रद्द न झालेल्या हक्कात?"

सूनबाईनं हातगाडी वळवली, मावशींनी दुसरी बाजू धरली, आणि दोघी विहिरीच्या रस्त्याला लागल्या.

सुनावणी अधिकाऱ्याचं पद रिकामं आहे. भरतीची जाहिरात अजून निघालेली नाही.